उन्हाळ्याच्या सुटीतील पाच हातकामे

वैशाख शुद्ध तृतीयेला छत्तीसगडात ‘अकती’ म्हणतात. त्या दिवशी गावोगावची मुले मातीचे पुतरा-पुतरी, म्हणजे बाहुला-बाहुली, घेऊन त्यांचे लग्न लावतात. लहानसा मांडव घातला जातो, वरात निघते, जेवणावळही होते. अकती आली की उन्हाळ्याची सुटी तोंडावर आलेली असते. संबंध मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा शाळांना कुलूप असते. पारा कित्येकदा ४४ अंशांच्या वर जातो आणि सकाळी दहानंतर अंगणात पाऊल ठेववत नाही. अशा वेळी घरात बसून मुलांनी करावे काय, हा प्रश्न प्रत्येक आईबापांपुढे उभा राहतो.

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिरगावला लागून असलेल्या उरला येथे हा प्रश्न अधिकच बिकट आहे. ही औद्योगिक वसाहत आहे. येथे लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या आहेत, सळया व पट्ट्या काढणाऱ्या रोलिंग मिला आहेत, अवजड मालाची रात्रंदिवस वाहतूक आहे. ऊन आणि धूळ या दोन गोष्टी येथील मुलांच्या रोजच्या परिचयाच्या आहेत. परंतु परिचय असणे निराळे आणि जाणणे निराळे. जी वस्तू मोजता येते, तपासता येते आणि वहीत नोंदता येते, तीच खऱ्या अर्थाने जाणली असे म्हणता येईल.

पुढे दिलेली पाच हातकामे याच हेतूने निवडली आहेत. चौथी ते सातवीतील मुलांना ती सहज साधतील, आणि त्यांस लागणारे सामान घरात, कुंभाराकडे किंवा सायकलच्या दुकानात मिळेल. रंगीत कागदाची फुले करून ती फळीवर मांडण्यातही आनंद आहे. पण ती मांडली की काम संपते. या पाचांची गोष्ट वेगळी आहे. येथे वस्तू तयार झाली म्हणजे काम निम्मे झाले. तिला एखादा प्रश्न विचारून तिचे उत्तर लिहून ठेवले म्हणजे ते पुरे झाले.

हा विचार नवीन नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि तीतून ‘नयी तालीम’ उदयास आली. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शाळांपाशी उपकरणे उरली नव्हती. त्या शाळांतील शिक्षकांसाठी १९४८ साली एक छोटे पुस्तक निघाले. साध्या वस्तूंतून उपकरणे कशी करावीत हे त्यात सांगितले होते. युनेस्कोने १९५६ साली त्याचाच विस्तार करून विज्ञानशिक्षकांसाठी मोठा साधनग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगशाळा नसली तरी विज्ञान अडत नाही, हा त्या ग्रंथाचा आधार होता.

१. सावलीची पाटी

साहित्य : सुमारे ४० सेंटिमीटर लांब-रुंद सपाट फळी किंवा जाड पुठ्ठा, पांढरा कागद, १० सेंटिमीटर उंच राहील अशी सरळ काडी, दोरा, पेन्सिल.

कृती : फळीवर कागद चिकटवावा आणि मध्यभागी काडी ताठ रोवावी. ती खरोखर ताठ आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंड्याप्रमाणे ओळंबा धरावा. दोऱ्याच्या टोकाला एखादे लहान वजन बांधले की ओळंबा होतो. मग काडीचे बूड हा मध्य धरून दोऱ्याच्या साहाय्याने १५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. फळी गच्चीवर किंवा अंगणात समपातळीत ठेवावी आणि दिवसभर हलवू नये.

सकाळी सावली लांब असते आणि हळूहळू आखडत जाते. आठच्या सुमारास तिचे टोक वर्तुळाला स्पर्श करील. तेथे खूण करावी. त्यानंतर सावली वर्तुळाच्या आत शिरते आणि दुपारनंतर पुन्हा वाढू लागते. चारच्या सुमारास तिचे टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकेल. तेथे दुसरी खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा होय. काडीच्या बुडातून तिला काटकोनात काढलेली रेघ ही दक्षिणोत्तर रेषा. यज्ञवेदीची आखणी करण्यासाठी प्राचीन शुल्बसूत्रकारांनी हीच रीत सांगितली आहे; तीतील काडीला ‘शंकू’ असे नाव आहे. या रीतीचा विशेष लाभ असा, की तीत भर दुपारी उन्हात उभे राहावे लागत नाही. सकाळी पाच मिनिटे आणि तिसऱ्या प्रहरी पाच मिनिटे पुरतात.

का घडते : सूर्य सकाळी जितक्या उंचीवर असतो तितक्याच उंचीवर तो दुपारनंतर पुन्हा एकदा येतो. उंची सारखी म्हणून सावलीची लांबी सारखी. या दोन क्षणांच्या बरोबर मध्यावर सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर असतो. तो खरा मध्यान्ह. घड्याळातील बारा आणि सूर्याचे बारा हे सर्वत्र जुळतात असे नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविली आहे आणि रायपूर त्याच्या अगदी जवळ आहे. म्हणून मे महिन्याच्या उत्तरार्धात येथे सूर्याचा मध्यान्ह आणि घड्याळातील बारा यांत एका मिनिटाचाही फरक राहत नाही. त्याच दिवसांत मुंबईला मात्र मध्यान्ह होण्यास सुमारे १२ वाजून ३५ मिनिटे होतात. मुंबईस कुणी भावंडे असतील तर त्यांना पत्राने कळवून दोन्हीकडे एकाच दिवशी हे पाहण्याजोगे आहे.

प्रश्न : मध्यान्हीची सावली दिवसेंदिवस किती कमी होते? १ मे रोजी १० सेंटिमीटरच्या काडीची मध्यान्ह-सावली सुमारे ११ मिलिमीटर असते, १० मे रोजी ६ मिलिमीटर, आणि २७ मेच्या सुमारास ती नाहीशी होते. उरला सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या दिवशी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. लोक ज्याला ‘नौतपा’ म्हणतात ते नऊ तापदायक दिवस २५ मेच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे शून्य सावलीचा दिवस नौतप्यातच पडतो. त्यानंतर काय होते हे पुष्कळांना ठाऊक नसते. मध्यान्हीची सावली पुन्हा उगवते, पण उत्तरेकडे नव्हे, दक्षिणेकडे! २१ जूनला ती दक्षिणेस सुमारे ४ मिलिमीटर असते. जुलैच्या मध्यास पुन्हा एकदा शून्य सावली होते, परंतु तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. एवढ्या लहान सावल्या मोजणे कठीण वाटल्यास एक मीटर उंचीचा सरळ बांबू रोवावा. सर्व आकडे दहापट होतील. ही मध्यान्हीची नोंद वडील माणसाच्या सोबतीने, डोके झाकून, दोन मिनिटांत उरकावी. सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. पाहावयाची ती सावली.

२. दुहेरी मडके

साहित्य : कुंभाराकडील दोन कुंड्या, एक मोठी व एक लहान, रंग किंवा झिलई न दिलेल्या, बारीक वाळू, गोणपाटाचा तुकडा, पाणी.

कृती : कुंड्यांच्या तळाची भोके चिकणमातीने बुजवावीत. मोठ्या कुंडीत तीन-चार सेंटिमीटर वाळूचा थर द्यावा, त्यावर लहान कुंडी ठेवावी आणि दोहोंमधील फटीत वाळू भरावी. ही फट चोहोकडून दोन-तीन सेंटिमीटर असावी. वाळू पाण्याने चिंब भिजवावी, आतल्या कुंडीवर ओले गोणपाट झाकावे आणि सर्व काही सावलीत, वारा वाहील अशा जागी ठेवावे. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपावे. आतल्या कुंडीत दोन टोमॅटो, दोन वांगी आणि मेथीची लहान जुडी ठेवावी. तितकीच भाजी एका झाकणाच्या डब्यात घालून तो डबा शेजारी ठेवावा. हा डबा महत्त्वाचा आहे. तुलनेला काही नसेल तर मडक्याने काय केले हे सांगता येणार नाही.

का घडते : पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. एक ग्रॅम पाणी हवेत उडून जाते तेव्हा ते भोवतालची सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. तेवढी उष्णता काढून घेतली तर ५८० ग्रॅम पाणी एक अंशाने थंड होईल. मातीच्या भांड्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते, उडते आणि मागे राहिलेले थंड होते. पिण्याच्या पाण्याचा माठ, वाळ्याचे पडदे आणि नागपूर-रायपूरकडे घरोघरी दिसणारा कूलर, सर्वांचे तत्त्व हेच. नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९५ सालापासून आपल्या प्रदेशातील शेतकऱ्यांना अशी दुहेरी मडकी पुरविली. वीज नसलेल्या खेड्यांत भाजीपाला टिकविण्यास त्यांचा फार उपयोग झाला.

प्रश्न : मडके किती थंड होऊ शकते? याचे उत्तर हवेतील दमटपणावर अवलंबून असते. मे महिन्यात तपमान ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता शेकडा २० असेल, तर बाष्पीभवनाने साधणारी सर्वांत खालची मर्यादा सुमारे २४ अंश असते. प्रत्यक्ष मडके या मर्यादेच्या काही अंश वरच राहते, तरीही फरक मोठा पडतो. जुलैत पाऊस लागल्यावर तपमान ३० अंश आणि आर्द्रता शेकडा ८५ झाली, की मर्यादा २८ अंशांच्या आसपास येते. मग मडके जवळजवळ निकामी ठरते. म्हणून हे मडके पहिल्या पावसापर्यंत ठेवून रोजची नोंद करावी. शाळेतील साधा तापमापक मिळाल्यास उत्तम. ताप पाहण्याचा तापमापक येथे वापरू नये. तो सुमारे ४२ अंशांपर्यंतच चालतो आणि उन्हाळ्याच्या हवेतच फुटण्याचा संभव असतो. तापमापक नसेल तर कोणती भाजी कोणत्या दिवशी सुकली एवढे लिहिले तरी चालेल.

हे मडके आणखी एक गोष्ट शिकविते. माणसाच्या अंगावरील घाम हेच काम करतो. भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराचे शरीर घाम उडून गेल्यानेच थंड राहते. म्हणून त्याला वारंवार पाणी प्यावे लागते. हवा दमट झाली की घाम उडत नाही, नुसता निथळतो, आणि मग ४५ अंशांच्या कोरड्या उन्हापेक्षा कमी तपमानही घातक ठरू शकते. मडके थंड होईनासे झाले, की माणसानेही अधिक सांभाळावयाचे, असा साधा संकेत मुलांना यातून मिळतो.

३. तरंगती सुई

साहित्य : शिवणाची पोलादी सुई, लोहचुंबक, बुचाची किंवा थर्मोकोलची पातळ चकती, पाण्याने भरलेली प्लास्टिकची अथवा मातीची थाळी.

कृती : सुई टेबलावर धरून चुंबकाच्या एकाच टोकाने ती नेढ्यापासून अणीपर्यंत घासावी. अणीशी आल्यावर चुंबक वर उचलून पुन्हा नेढ्याशी न्यावा. मागेपुढे घासू नये. असे चाळीस-पन्नास वेळा केल्यावर सुई चकतीवर आडवी ठेवून पाण्यावर सोडावी. ती हळूहळू फिरेल आणि दक्षिणोत्तर स्थिरावेल. बोटाने हलवून सोडली तरी पुन्हा त्याच दिशेस येईल.

का घडते : पोलादाच्या आत असंख्य सूक्ष्म चुंबकीय कण-समूह असतात. एरवी त्यांची तोंडे हवी तशी वळलेली असतात, म्हणून त्यांचे बळ परस्परांत विरून जाते. चुंबकाने एकाच दिशेस घासल्याने त्यांपैकी बरेचसे एका दिशेस वळतात आणि सुई स्वतः चुंबक बनते. पृथ्वी हाही एक मोठा चुंबक असल्याने सुई तिच्या क्षेत्राला अनुसरून उभी राहते. लोखंड खूप तापविले तर ही शिस्त मोडते. सुमारे ७७० अंशांच्या वर लोखंडाला चुंबक ओढू शकत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर क्यूरी यांनी १८९५ साली तप्त पदार्थांच्या चुंबकत्वाविषयी केलेल्या अभ्यासावरून या तपमानाला क्यूरी-बिंदू म्हणतात. उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये लाटली जाणारी लालभडक कांब याहून कितीतरी तप्त असते. ती लोखंडाची असूनही चुंबकाला दाद देत नाही. थंड झाल्यावर मात्र तीच कांब चुंबकाला घट्ट चिकटते.

या प्रदेशाचे लोखंडाशी असलेले नाते फार जुने आहे. अगरिया जमातीचे लोक मातीच्या लहान भट्ट्यांत कोळशाच्या साहाय्याने लोखंड गाळीत असत. दल्ली-राजहरा येथील खनिजावर चालणाऱ्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. उरल्यातील मुलाच्या हातातली सुई ही या दीर्घ परंपरेतील अगदी छोटी वस्तू आहे.

प्रश्न : सुईची उत्तर आणि सावलीची उत्तर एकच आहे काय? सुईची थाळी सावलीच्या पाटीवर ठेवून दोन्ही रेषा ताडून पाहाव्यात. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक ध्रुव एका ठिकाणी नाहीत, त्यामुळे जगाच्या पुष्कळ भागांत या दोन दिशांत बराच फरक पडतो. मध्य भारतात मात्र तो एका अंशाहूनही कमी आहे. म्हणून उरला येथे दोन्ही रेषा जुळावयास हव्यात. त्या जुळल्या नाहीत तर कारण शोधावे. जवळ लोखंडी पलंग, कपाट किंवा छताखाली सळया असल्या तर सुई त्यांच्याकडे वळते. थाळी खोलीत निरनिराळ्या जागी ठेवून सुई कोठे चुकते त्याचा नकाशा काढला, तर घरात लोखंड कोठे दडले आहे हे भिंत न फोडता कळते! दोन निराळ्या रीतींनी काढलेली उत्तरे ताडून पाहणे ही शास्त्रज्ञाची नेहमीची सवय आहे. ती येथे खेळता खेळता लागते.

४. काड्यांचे सांगाडे

साहित्य : आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, बाभळीचा काटा किंवा जाड सुई, खराट्याच्या काही काड्या.

हे काम दुपारी घरात बसून करण्याजोगे आहे. याच्या मागे एक छोटा इतिहास आहे. छत्तीसगड मध्य प्रदेशात होते त्या काळी, १९७२ साली, होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक नवा उपक्रम सुरू झाला. पाठांतराऐवजी प्रयोग, हे त्याचे सूत्र होते. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील एक अभियंता, अरविंद गुप्ता, १९७८ साली रजा घेऊन त्या उपक्रमात गेले. तेथील आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तू पाहता पाहता त्यांना आगकाड्या आणि व्हॉल्व्हची नळी यांची जोडी सुचली. पुढे पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे अशी खेळणी केली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

कृती : प्रथम वडील माणसाने आगकाड्यांवरील गूल खरवडून काढावा व दूर टाकावा. नळीचे दीड सेंटिमीटर लांबीचे तुकडे कापावेत. एका तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की दोन काड्यांचा सांधा होतो. तीन काड्यांचा सांधा हवा असेल, तर अशा तुकड्याच्या मध्यावर काट्याने आरपार भोक पाडून त्यातून तिसरी काडी घालावी. या सांध्यांनी त्रिकोण, चौकोन, पंचकोन आणि षट्कोन तयार करावेत.

काय घडते : त्रिकोणाला कोपऱ्यांवर कितीही दाबले तरी त्याचा आकार बदलत नाही. चौकोन मात्र हात लावताच तिरपा होतो. पंचकोन आणि षट्कोन तर हवे तसे वाकतात. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोनही ठरून जातात, इतर आकृत्यांत तसे होत नाही, हे याचे कारण. भूमितीच्या पुस्तकात जे प्रमेय वाटते ते येथे बोटांना कळते.

प्रश्न : डळमळणारी आकृती ताठ करण्यास कमीत कमी किती जादा काड्या लागतात? चौकोनाला कर्णावर एक काडी पुरते. ती आगकाडीहून लांब हवी, म्हणून खराट्याची काडी मापाने कापून घ्यावी. पंचकोनाला दोन लागतात, षट्कोनाला तीन. सप्तकोन केला तर चार लागतील. बाजूंच्या संख्येतून तीन वजा केले की उत्तर मिळते, हा नियम मुलांनी स्वतः शोधावा. तो आधी सांगू नये. मग सहा काड्यांचा चतुष्फलक करावा, ज्याची चारही पृष्ठे त्रिकोणी असतात. त्यावर एक वही ठेवली तरी तो टिकतो. बारा काड्यांचा घन मात्र आडव्या धक्क्याने कलंडतो.

उरला येथील कोणत्याही कारखान्याच्या शेडकडे रस्त्यावरून नजर टाकावी. पत्र्याच्या छपराखाली लोखंडी कैच्या दिसतात. कैची म्हणजे त्रिकोणांची माळ. मध्ये एकही खांब न देता रुंद छप्पर तोलून धरणे या त्रिकोणांमुळेच शक्य होते. विजेच्या तारांचे उंच मनोरे आणि रेल्वेचे जुने पूल यांतही हाच आकार पुन्हा पुन्हा आढळतो. किती त्रिकोण दिसले ते मोजून त्या कैचीचे चित्र वहीत काढावे आणि मग ती काड्यांनी उभारावी.

५. धुळीची कार्डे

साहित्य : पांढऱ्या पुठ्ठ्याचे १० सेंटिमीटर बाजूचे सहा चौरस, पारदर्शक चिकटपट्टी, भिंग, लोहचुंबक, पातळ प्लास्टिकची पिशवी.

कृती : प्रत्येक कार्डाच्या मध्यावर ५ सेंटिमीटर बाजूची खिडकी कापावी आणि मागून चिकटपट्टी अशी लावावी की तिचा चिकट भाग खिडकीतून वर येईल. कार्डांवर क्रमांक व जागा लिहावी. एक कार्ड गच्चीवर, एक रस्त्याकडील खिडकीत, एक मागच्या खिडकीत, एक झाडाच्या दाट पानोळ्याखाली आणि एक घरातील कपाटाच्या वर ठेवावे. सहावे कार्ड डब्यात बंद करून ठेवावे, ते तुलनेसाठी. चोवीस तासांनी सर्व कार्डे पांढऱ्या कागदावर ओळीने मांडावीत. भिंगातून पाहून एका चौरस सेंटिमीटरात दिसणारे कण मोजावेत. असे चौकटीतील पाच ठिकाणी मोजून सरासरी काढावी.

दुसरा प्रयोग चुंबकाचा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्चीच्या कोपऱ्यात साचलेल्या धुळीवरून हळू फिरवावा. काही कण उडून पिशवीला चिकटतील. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की ते कागदावर पडतात. तेच काम शहरापासून दूर असलेल्या एखाद्या गावी, मामाच्या घरी गेल्यावर, पुन्हा करावे आणि दोन्हीकडील चिमटी शेजारी ठेवून पाहाव्यात. धूळ हाताळताना नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

का घडते : लोखंडाचे आणि त्याच्या काही ऑक्साइडांचे कण चुंबकाकडे ओढले जातात, साधी माती व वाळू यांचे बहुतेक कण तसेच राहतात. लोखंड कापताना, घासताना, वितळविताना असे कण हवेत जातात. परंतु येथे सावधपणा हवा. काही नैसर्गिक मातीतही चुंबकीय खनिज असते आणि रस्त्यावरील वाहनांच्या झिजेतूनही लोहकण येतात. म्हणून कण कोणाच्या दारातून आले हे कार्ड सांगत नाही. ते किती आणि कोठे पडले एवढेच सांगते. जे मोजले तेवढेच म्हणावे, अधिक म्हणू नये, हा या कामातील मोठा धडा आहे.

दुसरी मर्यादाही ध्यानात ठेवावी. भिंगातून दिसणारी धूळ ही जाड धूळ होय. आरोग्यास अधिक अपाय करणारे कण १० मायक्रॉनांहून आणि विशेषतः २.५ मायक्रॉनांहून लहान असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि मोजण्यास खास यंत्रे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या शहरांच्या यादीत अशा सूक्ष्म धुळीच्या बाबतीत रायपूर सर्वांत वरच्या काही शहरांत होते. तेव्हा कार्ड स्वच्छ दिसले म्हणून हवा स्वच्छ आहे असे ठरत नाही. मात्र कार्ड काळे पडले तर त्याकडे दुर्लक्षही करू नये.

प्रश्न : झाडाखालच्या आणि उघड्यावरच्या कार्डांत किती फरक आहे? खिडकीला ओला पडदा लावल्यावर आतल्या कार्डावर काय परिणाम होतो? पहिल्या पावसानंतरच्या दिवशी गच्चीवरचे कार्ड कसे दिसते? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात छापलेली नाहीत. ज्या घरी कार्ड ठेवले त्याच घरी ती मिळतील. धूळ कमी करण्यास झाड लावावे की पडदा, घराची कोणती खिडकी कोणत्या वेळी बंद ठेवावी, आजीची खाट कोठे असावी, हे ठरविण्यास त्यांचा उपयोग होईल.

नोंदवही

या पाचही कामांना एक वही समाईक हवी. प्रत्येक नोंदीस तारीख, वेळ आणि जागा असावी. काय पाहिले ते एका बाजूला आणि त्याविषयी काय वाटले ते दुसऱ्या बाजूला लिहावे. या दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये. चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नये, तीवर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी. ‘आज ढग होते, सावली दिसली नाही’ किंवा ‘मडक्यात काही फरक पडला नाही’ हीदेखील नोंद आहे आणि तिला इतरांइतकीच किंमत आहे. अपेक्षेप्रमाणे न घडलेली गोष्ट पुष्कळदा नवा प्रश्न देऊन जाते.

वडील माणसांनी सामान आणून द्यावे, कापण्या-भोसकण्याच्या कामी हात द्यावा आणि उन्हाची काळजी घ्यावी. परंतु उत्तर आधी सांगून टाकू नये. कारखान्यांच्या आवारात किंवा रुळांजवळ मुलांना जाऊ देऊ नये. येथील एकाही कामास त्याची गरज नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर शिक्षकांनी या वह्या एकत्र मांडाव्यात. निरनिराळ्या वाड्यांतील मुलांनी धुळीची कार्डे ठेवली असतील, तर ती परिसराच्या साध्या नकाशावर आपापल्या जागी टाचावीत. एका मुलाच्या कार्डाने एका खिडकीची हकीकत कळते. चाळीस कार्डांनी सबंध वस्तीची कळते. गावच्या वाचनालयात तो नकाशा वर्षभर लावून ठेवावा आणि पुढील मे महिन्यात नव्या कार्डांचा नकाशा त्याच्या शेजारी लावावा. धूळ वाढली की घटली, याचे उत्तर तेव्हा मुलांपाशी तयार असेल.